आधी कुंड, मग खोल्या

मागच्या महिन्यात जुन्या वाड्यांच्या गळतीबद्दल लिहिताना गरम पाण्याच्या कुंडांचा विषय जाता जाता एका ओळीत आला होता, आणि सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्या एका ओळीवर. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देते. पहिलं पत्र मोठं होतं, ते थोडं कापलंय, पण उत्तर मात्र कापणार नाही कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचे पणजोबा बडोद्याच्या गायकवाड सरकारात खासगी खात्यात नोकरीला होते. त्यांनी दक्षिण गुजरातेत बिलीमोरा-वघई रेल्वे लाइनच्या बाजूला एका गावात गरम पाण्याच्या झऱ्याशेजारी जागा घेऊन साधारण पंच्याण्णव वर्षांपूर्वी अकरा खोल्यांचा बंगला बांधला. आत दगडी दोन कुंडं, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं, आणि तिसरं कंपाउंडच्या बाहेर, ते गाव वापरतं. पूर्वी बडोद्याहून सांधेदुखीची माणसं महिना महिना राहायला यायची म्हणे. आता छप्पर गळतंय, व्हरांड्याचा एक खांब झुकलाय. आम्ही चार चुलत भावंडं आहोत. दादा म्हणतो सगळं पाडून चाळीस रूमचा रिसॉर्ट करू, काचेची स्टीम रूम, जकुझी वगैरे. धाकटी म्हणते कुणाला तरी लीझवर देऊन मोकळे होऊ. आत्या म्हणते हात लावाल तर बघा. मला तिथे चांगलं वेलनेस सेंटर करायचंय पण बंगला मोडायचा नाहीये. तीन गोष्टी विचारतो, एक, पाडावं की ठेवावं? दोन, पाणी कमी पडलं तर बोअर मारावा का? आणि तीन, बाहेरचं कुंड आत घेऊन भिंत घातली तर चालेल का, कारण येणारे गेस्ट प्रायव्हसी मागणार. — एक वाचक, रावपुरा

उत्तर: भाऊ, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. बोअर मारू नका. झऱ्याजवळ नाही, बंगल्यामागे नाही, शेजारच्या शेतात तुमची जागा असेल तर तिथेही भूजलाच्या माणसाला विचारल्याशिवाय नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी कोकणातल्या एका अशाच जागेच्या कामावर मी होते, नाव सांगत नाही. मालकांना टाक्या भरायला गार पाणी हवं होतं म्हणून त्यांनी कुंडापासून हाकेच्या अंतरावर बोअर मारला, भरपूर पाणी लागलं, पेढे वाटले, आणि मी साइटवर असून ठामपणे नको म्हटलं नाही हे मला आजही टोचतं. तिथे एक म्हातारी रोज पहाटे यायची, कुंडाच्या दुसऱ्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायची. पंप सुरू होऊन दीड-दोन महिने झाले असतील, एक दिवस तिने पाय घातला, काढला, परत घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "निवलं गं हे." मी थर्मामीटर टाकला तर आधी ५४ असायचं तिथे ४३. पंप बंद केला, पण पहिल्यासारखं ते मी तिथे असेपर्यंत तरी झालं नाही.

असं का होतं तर आपल्या पट्ट्यातल्या या झऱ्यांखाली ज्वालामुखी बिलामुखी काही नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, तिथे ते तापतं आणि एखादी मोठी भेग सापडली की दाबाने भराभर वर येतं, वाटेत निवायच्या आत. म्हणजे सगळा खेळ त्या भेगेचा आणि दाबाचा. तुम्ही शेजारी उपसा केला की दाब उतरतो, वरच्या थरातलं गार पाणी भेगेत शिरतं आणि झरा कोमट होतो. इंग्लंडमध्ये बाथ नावाचं गाव आहे, रोमन लोकांच्या वेळेपासूनची कुंडं, ४६ अंशाचं पाणी दिवसाला अकरा लाख लिटरच्या वर येतं, तरी तिथे झऱ्याला धक्का लागू नये म्हणून आसपास खोल खणायला कायद्याने बंधनं आहेत. त्यांनी झऱ्यासाठी नंतर बोअर घेतले पण ते त्याच झऱ्याचं स्वच्छ पाणी खालून घ्यायला, तज्ज्ञांना सोबत घेऊन. टाकी भरायला मशीनवाल्याला बोलावणं वेगळं.

आता तुमचं पाणी किती हे आधी मोजा, कारण पत्रात चाळीस रूमचा आकडा आहे पण पाण्याचा आकडा कुठेच नाही. सोपं आहे. वीस लिटरची बादली घ्या, झऱ्याचं पाणी जिथून कुंडात पडतं तिथे धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. समजा चाळीस सेकंदात भरली, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. ऐकायला खूप वाटतं ना? तुमचं एक कुंड चार मीटर लांब, तीन रुंद आणि मीटरभर खोल धरलं तर त्यात बारा हजार लिटर मावतं आणि ते एकदा पूर्ण बदलायला पावणेसात तास लागतात, दोन्ही कुंडांना मिळून साडेतेरा. आणि यात गावाचं कुंड धरलेलंच नाही. दर महिन्याला एकदा मोजा, वैशाखात मोजा, पाऊस संपल्यावर मोजा, सोबत तापमान लिहा, वर्षभर वहीत ठेवा. ती वही झाल्याशिवाय आर्किटेक्टला पैसे देऊ नका, मला सुद्धा नाही.

बोअरचा मोह कुठून येतो ते पण सांगते. समजा तुमचं पाणी ५८ अंश आहे. अंगाला सोसतं ३८ ते ४०. मग लोक गार पाणी मिसळतात, आणि २८ अंशाचं गार पाणी मिसळून ४० वर आणायचं तर एक बादली गरमला दीड बादली गार लागतं! म्हणजे कुंडात निम्म्याहून जास्त बोअरचं पाणी, आणि लोक पैसे भरून येणार झऱ्याच्या नावाने. त्यापेक्षा पाण्यालाच निवू द्या. झऱ्यापासून कुंडापर्यंत दगडी उघडा पाट लांबवा, वळणं द्या, मध्ये एक पसरट उथळ हौद करा, वाऱ्यावर पाणी आपोआप उतरतं. जपानात कुसात्सु म्हणून गाव आहे, तिथलं पाणी फार कढत, तर तिथे बायका लांब लाकडी फळ्यांनी पाणी ढवळून ढवळून निववतात, गार पाणी घालून पातळ करायचं नाही म्हणून, आणि ढवळताना गाणी म्हणतात. आपल्याकडे लग्नाच्या हळदीला आंघोळीचं पाणी विसणायला दहा हात पुढे येतात, इथे विसण न घालता नुसतं निववायचं एवढाच फरक.

आता बंगला. पाडू नका, आणि हे मी जुन्याच्या प्रेमापोटी एवढंच म्हणत नाहीये. कोकणापासून दक्षिण गुजरातपर्यंतच्या या झऱ्यांच्या पाण्यात क्षार बऱ्यापैकी असतात, त्यात क्लोराइड आलं, आणि क्लोराइड म्हणजे सळईचा वैरी. आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, ते शिरलं की आतून गंज धरतो, सळई फुगते आणि सिमेंट पापुद्र्यासारखं सुटतं. तुमच्या पणजोबांच्या वेळच्या चुन्याच्या भिंतीत सळईच नाही, म्हणून ती शंभरीला आली तरी उभी आहे. झुकलेला खांब बघायला आधी त्याच्या पायाशी पाणी मुरतंय का ते बघा, बहुतेक वेळा पन्हळ तुटलेली असते आणि सगळा दोष तिचाच निघतो. म्हणून क्रम असा ठेवा, पहिलं छप्पर आणि पन्हळी, दुसरं पाण्याचा निचरा, आणि रंगरंगोटी एकदम शेवटी. एक विनंती, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवू देऊ नका. चुना श्वास घेतो, ओल आत येते तशी बाहेर जाते, वर सिमेंट बसलं की ओल आतच कोंडते आणि दोन पावसाळ्यांत भिंत आतून भुसभुशीत होते. चुना, सुरखी (विटांची भुकटी), गुळाचं आणि हिरड्याचं पाणी, हे सगळं माहीत असलेले कडिये (पुण्याकडच्या वाचकांसाठी, म्हणजे गवंडी) अजून मिळतात, फक्त शोधावे लागतात आणि त्यांना घाई करायची नसते.

दादांच्या काचेच्या स्टीम रूमबद्दल एकच सांगते. तुमच्या आत्याला विचारा, कुंडावर जाऊन आलं की पायातली चांदीची जोडवी काळी पडायची का? पडत असतील तर पाण्यात गंधकाचा वायू आहे, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो. उघड्यावर तो उडून जातो, बंद खोलीत साचला तर माणसाला भोवळ येते आणि जास्त झाला तर जीव जातो. वाईट भाग असा की जास्त प्रमाणात नाकाला तो वास कळायचाच बंद होतो. जुन्या लोकांनी कुंडांवर छप्पर ठेवलं तरी वर झरोके का ठेवले याचं उत्तर हेच असावं असं मला वाटतं. तेव्हा कुंडाचं पाणी बंद खोलीत न्यायचंच नाही. स्टीम हवी तर साध्या पाण्याची वेगळी करा. झऱ्याची उष्णता मात्र आंघोळीचं पाणी तापवायला वापरा. पाइपाच्या गुंडाळीतून साधं पाणी गरम झऱ्याच्या हौदात फिरवलं की अकरा खोल्यांच्या बाथरूमचे गीझर जवळजवळ बंद करता येतील. पाइप लोखंडी नको, क्षार बसतो म्हणून उघडून साफ करता येईल असाच जोडा.

तिसरा प्रश्न, गावाचं कुंड. भाऊ, भिंत घालू नका. कायद्याचं बोलायचं तर १८८२ चा ईझमेंटचा कायदा आहे, वीस वर्षं उघडपणे, अडथळा न येता वापरलेल्या वाटेचा आणि पाण्याचा हक्क त्यात धरला जातो, गावच्या चालीरीतीने आलेला हक्क सुद्धा धरतात, आणि तुमच्या गावाचा वापर चार पिढ्यांचा आहे, म्हणजे वकील तुम्हाला जे सांगेल ते मी आधीच सांगते. पण कायदा बाजूला ठेवा. ज्या गावाने पंच्याण्णव वर्षं तुमच्या रिकाम्या बंगल्याची कौलं चोरली नाहीत त्या गावाला तुम्ही चैत्री पुनवेच्या आंघोळीला भिंतीबाहेर उभं करणार का? प्रायव्हसी पाहिजे तर तुमच्या आतल्या दोन कुंडांभोवती बांबूचे कूड करा, झाडं लावा, वेळा ठरवा. उलट गावाच्या कुंडाची दुरुस्ती सगळ्यात आधी करा, तुमच्या खर्चाने, आणि पाण्याचा पहिला वाटा तिकडे जाईल असा पाट काढा. जपानात मात्सुयामाला दोगो ओन्सेन नावाचं गरम झऱ्याचं स्नानगृह आहे, १८९४ ची लाकडी इमारत, तिची मोठी दुरुस्ती २०१९ ला सुरू झाली आणि २०२४ ला संपली, आणि त्या साडेपाच वर्षांत बहुतेक काळ एक भाग चालू ठेवून लोकांना आंघोळ करू दिली. कारण इमारत आंघोळीसाठी होती. तुमच्याकडेही काम दोन टप्प्यांत करा, एक कुंड कायम चालू.

आणि स्वच्छता. इथे मी कडक होणार आहे. बाथमध्येच १९७८ साली त्या पाण्यावर चालणाऱ्या तलावात पोहलेल्या एका लहान मुलीचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला, गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा असतो, तो नाकातून वर जातो. त्यानंतर तिथे लोकांची आंघोळ बंद झाली आणि नवीन बांधलेलं स्नानगृह उघडायला २००६ साल उजाडलं. केरळातही गेल्या काही वर्षांत अशाच केसेस आल्या, तुम्ही पेपरात वाचलं असेल. हा आजार फार क्वचित होतो पण झाला तर वाचणारे अगदी थोडे. म्हणून कुंडात डोकं बुडवायचं नाही, उडी नाही, पोरांना पाणी उडवू द्यायचं नाही, ही पाटी मराठी-गुजराती-हिंदीत मोठ्या अक्षरांत. रोज रात्री कुंड पूर्ण रिकामं करून ब्रशने घासायचं, शेवाळ एका पायरीवरही नको. क्लोरीन टाकलं की झालं असं समजू नका, गंधकाचं पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. आधी साध्या पाण्याने साबण लावून आंघोळ आणि मगच कुंडात, साबण कुंडात न्यायचा नाही. आणि वापरलेलं पाणी निवल्याशिवाय ओढ्यात सोडू नका, भातशेतीत तर अजिबात नको, मिठाने जमीन कडक होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. जमीन एन.ए. (बिगरशेती) आहे का ते मामलतदार कचेरीत बघा, सात-बारावर चारही भावंडांची नावं चढली आहेत का बघा, प्रदूषण बोर्डाची परवानगी लागेल, पंचायतीचा ठराव घ्या. धाकटीला माझा निरोप द्या की लीझवर द्यायचंच असेल तर करारात तीन ओळी घालायच्या, बोअर नाही, गावाचं कुंड मोकळं, पाण्याची वही दर महिन्याला घरच्यांना दाखवायची. या तिन्हींना तयार होणारा माणूस मिळाला तर द्यायला माझी हरकत नाही.

आत्याकडे कुणीतरी जाऊन बसा. कुंडाला पाणी कुठून येतं, कुठला दगड कधी बसवला, पुरात पाणी कुठपर्यंत चढलं होतं, हे नकाशात मिळत नाही. रेकॉर्डिंग करा.

प्रश्न: ताई, माझी आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. शेजारच्या बेन म्हणतात गोध्र्याजवळ टुव्याला नेऊन आणा, खूप फरक पडतो. नेऊ का? — एक वाचक, मांजलपूर

उत्तर: मी डॉक्टर नाही, त्यामुळे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपीच्या गोळ्यांबद्दल. गरम पाण्यात सांधे मोकळे होतात, दुखणं काही वेळ हलकं होतं, हे खरं आहे. आजार मुळापासून जातो असं कुणी सांगितलं तर मानू नका, आणि गोळ्या तर एक दिवसही बंद करू नका.

शुगर असलेल्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा, पायाची संवेदना कमी झालेली असते, पाणी कढत आहे हे पायाला कळतच नाही. टुव्याला बरीच कुंडं आहेत आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं, एक कोमट तर शेजारचं पोळणारं. साठ अंशाच्या पाण्यात पाच सेकंदांत कातडी भाजते. त्यामुळे आईंचा पाय आधी नाही, आधी तुमचं कोपर, आणि त्याच्याही आधी थर्मामीटर, दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. चाळीसच्या वर असेल तर तांब्याने घेऊन निववून गुडघ्यावर घाला, तेवढंही पुरतं. बसायचं झालं तर दहा-पंधरा मिनिटं, जेवल्या जेवल्या नाही, उपाशीपोटी पण नाही. उठताना हात धरा कारण गरम पाण्यातून एकदम उठलं की बीपी उतरतं आणि चक्कर येते, तिथल्या पायऱ्या ओल्या असतात. पायाला जखम, भेग असेल तर त्या दिवशी पाण्यात नाही. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिला पण कढत कुंडात बसवू नका.

प्रश्न: मी नुकतीच इंटिरियरचा कोर्स केला आहे. एका क्लायंटचं गरम पाण्याच्या जागेवर छोटं रिट्रीट आहे, त्यांना सगळं बाली स्टाइल हवं आहे, बांबू, दगडी दिवे, पॅसेजमध्ये बुद्धाची मूर्ती. मला ते पटत नाही पण काय सुचवू ते कळत नाही. — एक वाचक, अलकापुरी

उत्तर: तुला पटत नाही हे ऐकून मला बरं वाटलं गं. बाथरूमच्या वाटेवर शोभेला बुद्धाची मूर्ती ठेवू नये, ज्यांना तो पूजनीय आहे त्यांच्या मनाचा विचार करावा, हे क्लायंटला सरळ सांग.

सुचवायचं काय तर आधी जागेपासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत काय मिळतं ते जाऊन बघ. स्वित्झर्लंडमध्ये वाल्स नावाच्या डोंगरातल्या गावाने पीटर झुमथोर या आर्किटेक्टकडून १९९६ साली गरम पाण्याचं स्नानगृह बांधून घेतलं, जगभरातून लोक ते बघायला जातात, आणि त्यात आहे काय तर त्याच डोंगराचा दगड पट्ट्या पट्ट्यांनी रचलेला, अंधार, आणि वरून फटीतून पडणारा उजेड. आपल्याकडे वज्रेश्वरीला जा एकदा. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली त्या नवसाचं देऊळ, आणि त्याचा नगारखाना आपल्या गायकवाडांनी बांधलेला. खाली तानसेच्या काठाने अकलोली, गणेशपुरीची कुंडं आहेत. तिथल्या दगडी पायऱ्यांची उंची टेप लावून मोज, म्हातारं माणूस पाण्यात कसं उतरतं, हात कुठे टेकतं, ओले कपडे कुठे ठेवतं ते एक सकाळ बसून बघ. मॅगझिनमधल्या फोटोंपेक्षा ती सकाळ तुला जास्त देईल.

क्लायंटला बांबू हवाय तर डांगचा बांबू आणि तो विणणारी माणसं तिथेच आहेत, बालीहून आणायला कशाला पाहिजे. खाण्यात नागलीचा रोटला, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीची चटणी ठेव. दिवे कमी कर, वाफेत पिवळा मंद दिवा एवढा पुरतो. आणि लादी गुळगुळीत नको म्हणजे नको, पाथरवटाकडून छिन्नीने टाकी मारून खडबडीत करून घे.

प्रश्न: उनईला बडोद्याहून ट्रेनने जाता येतं का? आजोबा सांगायचे छोटी गाडी जाते. — एक वाचक, बाबाजीपुरा

उत्तर: आजोबांची छोटी गाडी म्हणजे बिलीमोरा-वघई नॅरोगेज, ६३ किलोमीटरची, गायकवाड सरकारने १९१३ मध्ये सुरू केलेली. वाटेत उनई-वांसदा रोड स्टेशन आहे. बडोद्याहून बिलीमोऱ्यापर्यंत मोठी गाडी आणि तिथून ही. मधे काही काळ बंद होती, म्हणून निघायच्या आधी वेळ नक्की बघून घ्या. उनई मातेच्या देवळाजवळच कुंड आहे, रामाने सीतेच्या आंघोळीसाठी बाण मारून पाणी काढलं अशी गोष्ट तिथे सांगतात. चैत्री पुनवेला फार गर्दी असते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर दुसरा एखादा दिवस धरा, आणि पहाटेच पोचा, तेव्हा कुंडावर वाफ दिसते.

पुढच्या अंकासाठी जुन्या विहिरी आणि टाक्यांबद्दलचे प्रश्न या महिन्याच्या २० तारखेपर्यंत पाठवा, फोटो असेल तर विहिरीच्या आतल्या बाजूचा पाठवा.